सकाळी चालतात, मग दुपारी का नाही?

११ एप्रिल ही महात्मा जोतीराव फुले यांची जयंती, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. त्याच तारखेला, १७५५ साली, लंडनमध्ये जेम्स पार्किन्सन हा डॉक्टर जन्मला. त्याने १८१७ साली सहा माणसांची निरीक्षणे मांडणारी एक पुस्तिका लिहिली. त्या सहांपैकी काहींना तर त्याने फक्त रस्त्याने जाता-येता पाहिले होते. हात कापतो, कमरेत वाक येतो, पावले लहान आणि घाईची पडतात, हे त्याने नेमके टिपले. पुढे आजाराला त्याचेच नाव मिळाले आणि ११ एप्रिल हा जागतिक पार्किन्सन दिन झाला. आपल्याकडे तो आठवडा १४ एप्रिलच्या तयारीचा. त्या धांदलीत आरोग्याचे पान कोण वाचणार, म्हणून हा विषय आम्ही जयंतीनंतरच्या अंकासाठी राखून ठेवला.

पार्किन्सनला आपल्याकडे कंपवात म्हणतात. त्या आजाराची सगळी माहिती आज आम्ही देणार नाही. एकाच गोष्टीबद्दल लिहिणार आहोत. गोळ्या नियमित चालू आहेत, पण एका गोळीचा गुण पुढच्या गोळीची वेळ येण्याआधीच संपतो. डॉक्टर याला ‘वेअरिंग ऑफ’ म्हणतात. आम्ही साध्या भाषेत ‘गोळी उतरणे’ म्हणू. एवढ्याशा गोष्टीवर अख्खे पान कशाला, असे कुणाला वाटेल. पण ही गोष्ट माहीत नसल्यामुळे घरोघरी आजारी माणसाचा अपमान होतो, आणि तो बहुतेक वेळा त्याची मनापासून सेवा करणाऱ्यांकडूनच होतो.

आमच्या ओळखीचे एक काका आहेत. एसटीत कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. सहा वर्षांपूर्वी त्यांना पार्किन्सनचे निदान झाले. सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री आठ अशा तीन गोळ्या चालू होत्या. पहिली काही वर्षे छान गेली. हात थोडा कापायचा, पण भाजी आणणे, बँकेत जाणे, वाचनालयात पेपर वाचणे सगळे चालू होते. गेल्या वर्षापासून मात्र घरात कुरबुर सुरू झाली. सून सांगत होती, “सकाळी नऊ वाजता स्वतः आंघोळ करतात, गॅलरीत फेऱ्या मारतात. साडेबाराला ताट वाढलं की घास उचलत नाहीत. मी भरवायचं. आणि तीन वाजता बघावं तर पुन्हा चालायला तयार! मग मधल्या वेळेत काय होतं? मला तर वाटतं, मुद्दाम करतात.” मुलाचेही तेच मत झाले होते. काका मान खाली घालून ऐकत बसले होते. त्यांना उत्तर देता येत नव्हते, कारण त्या वेळी त्यांचा आवाजही इतका खोल गेलेला असायचा की समोरच्याला ऐकू येत नसे.

सुनेला आम्ही दोष देणार नाही. जो माणूस तीन तासांपूर्वी चालत होता, त्याचे पाय आता उचलत नाहीत, हे दुसऱ्या कुठल्या आजारात सहसा पाहायला मिळत नाही. अर्धांगवायू झालेल्याचा हात सकाळी चालतो आणि दुपारी पडतो, असे होत नाही. म्हणून संशय येतो. त्या संशयाला उत्तर द्यायचे तर गोळी पोटात गेल्यावर तिचे काय होते ते समजून घ्यावे लागेल.

टाकी आणि नळ

आपल्या मेंदूत खोलवर एका छोट्या भागातल्या पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात. हालचाल सुरू करणे, ती सफाईने करणे, थांबवणे यासाठी ते लागते. पार्किन्सनमध्ये या पेशी हळूहळू मरत जातात. हात कापायला लागतो किंवा अक्षर बारीक होऊ लागते, तोवर त्यातल्या बऱ्याचशा गेलेल्या असतात.

मग डोपामिनचीच गोळी का देत नाहीत? कारण रक्तातले डोपामिन मेंदूत शिरू शकत नाही. लेव्होडोपा हे द्रव्य मात्र शिरू शकते आणि आत गेल्यावर त्याचे डोपामिन होते. या शोधात आपल्या मातीतल्या एका वनस्पतीचाही वाटा आहे. सर्पगंधेपासून काढलेले रेसर्पिन हे औषध पूर्वी रक्तदाबासाठी वापरत. स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी ते सशांना दिले तेव्हा ससे निपचित पडले. मग त्यांना लेव्होडोपा टोचले आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. ही १९५७ सालची गोष्ट. १९६१ मध्ये व्हिएन्नात रुग्णांना लेव्होडोपा टोचून पाहिले गेले, १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी ते तोंडावाटे मोठ्या मात्रेत देऊन दाखवले आणि खाटेला खिळलेली माणसे उठून चालू लागली. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. आजही पार्किन्सनवर लेव्होडोपाइतके गुणकारी दुसरे औषध नाही.

पण एक अडचण आहे. लेव्होडोपा रक्तात फार वेळ टिकत नाही. साधारण दीड तासात त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. मग सुरुवातीची वर्षे दिवसाला तीन गोळ्या कशा पुरतात?

नळाच्या पाण्याचे उदाहरण घ्या. नळाला पाणी येते सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास. घरात मोठी टाकी असेल तर पाणी कधी आले नि कधी गेले हे कळतही नाही, तोटी सोडली की पाणी. टाकी फुटून एक हंडा उरला तर? पाणी आहे तोवर कामे उरकायची, गेले की पुढच्या वेळेपर्यंत कोरडे बसायचे. आजाराच्या सुरुवातीला मेंदूत उरलेल्या पेशी टाकीचे काम करतात. गोळीतून मिळालेले डोपामिन साठवून ठेवतात आणि लागेल तसे सोडतात. आजार पुढे सरकतो तशा या पेशी आणखी कमी होतात आणि टाकी लहान होत जाते. मग माणसाची हालचाल थेट रक्तातल्या औषधावर अवलंबून राहते. औषध वर चढले की माणूस उठतो, उतरले की बसतो. चालत्या वेळेला डॉक्टर ‘ऑन’ म्हणतात आणि अडलेल्या वेळेला ‘ऑफ’. आमच्या कंडक्टर काकांचे साडेबाराचे जेवण नेमके ऑफच्या वेळेत येत होते. त्यात नाटक काही नव्हते.

हे किती जणांना होते? लेव्होडोपा सुरू होऊन चार ते सहा वर्षे झाली की साधारण दहापैकी चार जणांना असे चढउतार जाणवू लागतात. पुढे हे प्रमाण वाढते. ज्यांना आजार तरुणपणी, चाळिशी-पन्नाशीत होतो, त्यांना हा त्रास लवकर होतो.

फक्त हातपाय नव्हे

गोळी उतरताना काय होते, असे विचारले तर बहुतेक जण कापणे, ताठरपणा, पाय जड होणे एवढेच सांगतात. डॉक्टरही गर्दीत तेवढेच विचारतात. पण गोळी उतरल्याची पहिली खूण अनेकदा हातापायांत नसतेच. एकदम घाबरल्यासारखे होते, छातीत धडधडते, घाम फुटतो, अंगावरचे कपडे ओले होतात. कुणाला खांदा, कंबर किंवा पाय दुखू लागतात, कुणाला मुंग्या येतात. लघवीला वारंवार जावेसे वाटते. डोके चालेनासे होते, साधा हिशेब सुचत नाही. कधी काही कारण नसताना रडू येते, सगळे संपले असे वाटते, आणि गोळी चढली की तासाभरात तोच माणूस हसून बोलतो.

आमच्या काकांना अकरा-साडेअकराला रोज घाम यायचा आणि जीव घाबरा व्हायचा. काकूंना वाटले, ब्लडप्रेशर किंवा हृदयाचे काही असेल. ईसीजी निघाला, रक्त तपासले, दोनदा रिक्षाने दवाखान्यात धाव झाली. तपासण्या झाल्या ते चांगलेच झाले. छातीत दुखले, दम लागला तर आधी हृदयच तपासावे, पार्किन्सनवर ढकलू नये. पण सगळे नीट निघाल्यावरही ही तक्रार रोज ठरलेल्या वेळी येते, हे कुणाच्या लक्षात आले नव्हते. ठरलेली वेळ हीच ओळखण्याची खूण. गोळीच्या आधी येते आणि गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासात जाते, अशी कोणतीही तक्रार असो, गोळी उतरण्याचा विचार करावा.

पहाटेचे उतरणे वेगळे. रात्री आठच्या गोळीनंतर सकाळपर्यंत दहा-बारा तास काहीच औषध नसते. मग पहाटे कूस बदलता येत नाही, लघवीला उठता येत नाही, पायाचा अंगठा आपोआप वळतो आणि पोटरीत पेटके आल्यासारखे दुखते. घरात चारचौघे झोपलेले असतात, कुणाला उठवायचे म्हणून माणूस तसाच पडून राहतो.

आणखी एक गल्लत सांगायला हवी. काही जणांचे अंग गोळी चढलेली असताना नागमोडी हलते. मान डोलते, खांदे-पाय वळवळतात. हे कापणे नव्हे. याला डिस्कायनेशिया म्हणतात आणि औषधाचा जोर जास्त झाल्यावर ते होते. घरचे म्हणतात, “बघा, किती वाढलंय कापणं,” आणि आणखी अर्धी गोळी देतात. त्याने ते वाढते. डॉक्टरांना सांगताना “कापतात” एवढेच सांगू नका. कोणत्या वेळी, गोळीच्या आधी की नंतर, हे सांगा. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून नेलात तर हजार शब्द वाचतील. मात्र व्हिडिओ काढण्याआधी त्या माणसाला विचारा. तो त्याचा देह आहे.

औषध ‘जपून’ ठेवण्याची चूक

आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांची समजूत अशी असते की लेव्होडोपा चार-पाच वर्षेच काम करते, म्हणून ते जितके उशिरा सुरू करू तितके पुढे पुरेल. गोळी उतरू लागली की ते म्हणतात, “बघा, औषधाची मुदत संपली.” हे खरे नाही. आफ्रिकेतल्या घाना देशात पैशाअभावी आणि औषध न मिळाल्यामुळे लोकांना लेव्होडोपा उशिरा मिळत असे. त्या रुग्णांची इटलीतल्या रुग्णांशी तुलना करणारा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. घानातल्या लोकांनी औषध उशिरा सुरू केले होते, तरी त्यांना हे चढउतार आजाराच्या साधारण त्याच टप्प्यावर सुरू झाले. म्हणजे औषध उशिरा घेतल्याने पुढचा त्रास टळला नाही, मधली वर्षे मात्र विनाकारण अडून गेली. चढउतार येतात ते आजार किती वर्षांचा झाला आणि दिवसाची मात्रा किती मोठी आहे यावर. औषध किती वर्षे घेतले यावर नव्हे.

जपून वापरण्याचा दुसरा प्रकार पैशाचा आहे, आणि तो आम्ही जास्त पाहतो. पेन्शन पहिल्या आठवड्यात येते, गोळ्या पंचवीस तारखेला संपत येतात. मग तीनच्या दोन होतात, एकीची अर्धी होते. घरात कुणाला सांगत नाहीत. पंचवीस तारखेनंतर पाय अडू लागले तर आधी गोळ्यांची पट्टी मोजून बघा. लेव्होडोपा-कार्बिडोपा हे मिश्रण सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. सरकारी रुग्णालयाच्या औषध खिडकीवर आणि जनऔषधी केंद्रात त्याची चौकशी जरूर करा. कंपनी बदलली तरी आकडा मात्र नीट पाहा. पट्टीवर ११०, १२५ किंवा २७५ असा आकडा असतो. ११० म्हणजे १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि १० कार्बिडोपा. १२५ म्हणजे १०० आणि २५. २७५ म्हणजे २५० आणि २५. कार्बिडोपा औषधाला मेंदूत पोहोचेपर्यंत सांभाळते आणि मळमळ कमी करते. त्यामुळे ‘१२५ नाही, ११० घ्या, एकच आहे’ असे काउंटरवर कुणी म्हटले तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. पुढे ‘सीआर’ लिहिलेली गोळी हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते, ती कुटून किंवा चावून खाऊ नये.

स्त्रियांबद्दल वेगळे लिहावे लागते. स्वयंपाक झाला, डबे गेले, पाणी भरले की मग माझी गोळी, असा बहुतेकींचा क्रम असतो. आठची गोळी साडेनऊला जाते. दिवसभराचे सगळे वेळापत्रक त्याने कोसळते. पुरुषाची गोळी चुकू नये म्हणून बायको घड्याळ लावते. बाईच्या गोळीसाठी घड्याळ लावणारे घर आम्हाला अजून फारसे भेटलेले नाही.

कंडक्टरचे वेबिल

आम्ही काकांना एक वही दिली. डॉक्टरांकडे जायला आठ दिवस होते. म्हटले, गाडी कुठल्या स्टॉपवर किती वाजता पोहोचली, हे तुम्ही आयुष्यभर लिहिलेत, आता तेच करा. उभ्या रकान्यात सकाळी सहा ते रात्री दहा असे तास. प्रत्येक तासापुढे एक अक्षर. ‘चा’ म्हणजे चालतो, ‘अ’ म्हणजे अडलो, ‘व’ म्हणजे अंग वळवळते, ‘झो’ म्हणजे झोप. गोळी घेतली तिथे गोल, जेवण केले तिथे फुली. हात कापत असेल तर नातवाने लिहायचे. पाच दिवस लिहिले. काका मूळचे काटेकोर, त्यांनी मिनिटेही लिहिली.

वही उघडल्यावर आम्हाला सांगावे लागले नाही. सुनेनेच बोट ठेवले. आठला गोल, पावणेनऊपासून ‘चा’, साडेअकरापासून ‘अ’, दोनला गोल, पावणेतीनपासून पुन्हा ‘चा’. जवळजवळ रोज तसेच. ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून काकांचे जेवण अकराला वाढले जाऊ लागले, एवढे आम्हाला नंतर कळले.

ती वही डॉक्टरांनी दोन मिनिटांत वाचली आणि गोळ्यांच्या वेळा बदलल्या. तीन वेळांऐवजी पाच वेळा, दोन गोळ्यांमधले अंतर कमी. सगळ्यांना हाच उपाय असतो असे नाही. कुणाला लेव्होडोपाचा गुण लांबवणारे एन्टाकॅपोन देतात (त्याने लघवी गडद नारिंगी होते, घाबरू नये), कुणाला रॅसाजिलिन किंवा साफिनामाइड, कुणाला प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल. शेवटच्या दोघांचा एक त्रास सांगून ठेवतो, कारण लाजेने तो कुणी बोलत नाही. काही माणसांना या गोळ्यांनी जुगाराची, खरेदीची, खाण्याची किंवा लैंगिक इच्छेची अनावर ओढ लागते. कधी न खेळलेला माणूस मोबाइलवर रमी खेळून पैसे घालवू लागला तर त्याच्या चारित्र्यावर जाऊ नका, डॉक्टरांना सांगा. गोळी बदलली की हे बहुधा थांबते. मेंदूत तारा बसवण्याची शस्त्रक्रियाही आहे, पण ती सगळ्यांना चालत नाही आणि तिचा खर्च लाखांत जातो.

वेळ आणि मात्रा बदलणे हे काम मात्र डॉक्टरांचेच. वही बघून स्वतःच एक गोळी वाढवू नका आणि एकदम बंद तर कधीच करू नका. लेव्होडोपा अचानक थांबवली तर जोराचा ताप, लाकडासारखा ताठरपणा आणि शुद्ध हरपणे इथपर्यंत जाऊ शकते, जीवही धोक्यात येतो.

वरण, अंडे, रविवारचे मटण

काकांच्या वहीत एक दिवस वेगळा निघाला. रविवार. दुपारी मटण-भाकरी झाल्यावर लगेच दोनची गोळी घेतली आणि साडेचारपर्यंत ‘अ’. गोळी जणू लागलीच नाही. याचे कारण प्रथिने. लेव्होडोपा आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत ज्या दारांनी जाते, त्याच दारांनी प्रथिनांचे घटकही जातात. मटण, मासे, अंडी, डाळ, दूध, शेंगदाणे, मोड आलेली कडधान्ये पोटात असतील तर दारात गर्दी होते आणि गोळी मागे राहते. म्हणून गोळी जेवणाआधी साधारण अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने, ग्लासभर पाण्याबरोबर घ्यावी. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर एखादे बिस्कीट, थोडे चुरमुरे किंवा केळे चालेल.

पण प्रथिने बंद करू नका! आम्ही हे उद्गारचिन्ह मुद्दाम टाकले आहे. “गोळी लागत नाही म्हणून आईचे वरण, अंडी सगळे बंद केले,” असे एकाने अभिमानाने सांगितले. आईचे वजन सहा महिन्यांत आठ किलो उतरले होते. या आजारात वजन आणि स्नायू आधीच कमी होत असतात. ज्यांना जेवणाचा खरेच अडथळा होतो, त्यांनी प्रथिनांचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात घ्यावा, म्हणजे दिवसाच्या गोळ्यांना वाट मोकळी राहते. मटण खा, रात्री खा. रक्तवाढीची लोहाची गोळीही लेव्होडोपाला अडवते, त्या दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर हवे. बद्धकोष्ठ असले तरी गोळी उशिरा लागते, म्हणून पाणी, पालेभाजी आणि गरज पडल्यास रेचक याकडे ती किरकोळ बाब म्हणून पाहू नये.

खाजकुइलीबद्दल हमखास विचारतात. कोकणात आणि डोंगराळ भागात तिच्या शेंगा सगळ्यांना ओळखीच्या आहेत, कूस अंगाला लागली की आग होते. तिच्या बियांत लेव्होडोपा खरोखरच असते, यात थोतांड नाही. म्हणूनच सांभाळायला हवे. चूर्णाच्या एका चमच्यात ते किती आहे हे डब्यावरून कळत नाही. डॉक्टरांची गोळी चालू असताना वरून हे चूर्ण घेतले तर मात्रा वाढते, अंग वळवळते, उलट्या होतात, भास होतात, रक्तदाब उतरतो. घेत असाल तर लपवू नका, डब्यासकट डॉक्टरांना दाखवा.

अडलेल्या वेळेत घरच्यांनी काय करावे

पाय जमिनीला खिळले असतील तर हाताला धरून ओढू नका, तोल पुढे जाऊन माणूस तोंडावर पडतो. थांबू द्या. फरशीची रेघ दाखवा, ती ओलांडायला सांगा. किंवा “एक-दोन, एक-दोन” असा ठेका द्या. रेघ ओलांडताना अडलेला पाय सुटतो, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पटत नाही. घरातल्या दाराच्या उंबऱ्याशी रंगीत चिकटपट्टी लावली तरी काम होते. अडलेल्या वेळेत घास भरवण्याची घाई करू नका, गिळायलाही तेव्हा जड जाते आणि ठसका लागतो. आंघोळ, दाढी, जेवण, बाहेर जाणे ही कामे गोळी चढलेल्या वेळेत बसवा. आणि “मघाशी तर चालत होता” हे वाक्य घरातून काढून टाका.

दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली, कारण काहीही असो, तर गोळ्यांची पट्टी आणि वेळांचा कागद बरोबर न्या. वॉर्डात औषधे वाटण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, त्यात अकराची गोळी एकला मिळते आणि माणूस खाटेवर ताठ होतो. सिस्टरना पहिल्याच दिवशी शांतपणे सांगा की ही गोळी घड्याळावर द्यावी लागते. ऑपरेशनआधी उपाशी ठेवणार असतील तर घोटभर पाण्याबरोबर गोळी द्यायची का, हे भूलतज्ज्ञांना विचारून घ्या. उलटी किंवा चक्कर येते म्हणून मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन आणि रात्री बडबड करतात म्हणून हॅलोपेरिडॉल, ही औषधे पार्किन्सनच्या माणसाला बाधतात. ती डोपामिनचाच रस्ता अडवतात. ही चार नावे या पानावरून कागदावर उतरवा आणि तो कागद पट्टीबरोबर ठेवा. गल्लीतल्या डॉक्टरांनाही दाखवा, ते रागावणार नाहीत.

मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ ही मंडळी रुग्ण आणि घरच्यांसाठी काम करतात. ज्यांना जवळ पडते त्यांनी जाऊन यावे. दुसऱ्याची वही पाहिली की आपली समजते.

काकांचे सगळे सुरळीत झाले असे आम्ही म्हणणार नाही. दुपारी चारच्या सुमारास अजून अर्धा-पाऊण तास पाय जड होतात आणि पहाटेचा त्रास आहेच, त्याबद्दल पुढच्या महिन्यात डॉक्टरांकडे जायचे आहे. या १४ एप्रिलला मिरवणूक नेहमीसारखी रात्री निघाली. मिरवणुकीत त्यांना दरवर्षी पुढे चालायचे असते. यंदा घरात आधीच ठरले. वही काढून वेळ पाहिली आणि सकाळची साडेनऊची वंदना धरली. साडेआठला गोळी, मग रिक्षा. विहाराच्या सहा पायऱ्या ते स्वतः चढले, सून दोन पायऱ्या मागे होती. अकराच्या आत घरी परतले. रात्री मिरवणूक दारावरून गेली तेव्हा त्यांची खुर्ची गॅलरीत मांडलेली होती.